ठकूची रजा

हे झाड उघडं दिसतंय म्हणून वाळलं असं समजू नका. परवाच आमच्या वाडीच्या बायकांनी त्याची पानं काढली, एकूण एक, हाताने. दरवर्षी कार्तिकात काढतात. तुम्ही दोघं त्या दगडावर बसा आणि मला जरा दम घेऊ द्या. खालच्या झऱ्यावरून सकाळपासून ही माझी चौथी खेप, आणि माझं वय काही आता खेपा घालायचं राहिलेलं नाही.

सफरचंदाचं झाड आहे हे. काश्मीरचं नव्हे, जर्मनीचं. फळ लहान, हिरवट, एका बाजूला जरा लाली, आणि झाडावरून काढल्या काढल्या इतकं टणक आणि आंबट की माकडंसुद्धा एक चावा घेऊन टाकून देतात. ज्येष्ठात उतरवायचं, गवतात घालून ठेवायचं, तेव्हा कुठे गणपतीपर्यंत तोंडात धरण्याजोगं होतं. काहींच्या फोडी वाळवतात, उरलेल्यांचा रस मडक्यात आंबवून शिरका करतात. आम्ही याला बोनाफळ म्हणतो. साहेब असंच काहीतरी म्हणायचा म्हणे, आमच्या जिभेला एवढंच जमलं.

साहेबाचं नाव गोटलिब. माझ्या पणजोबांच्या वेळची गोष्ट. कॉफीची बाग लावायला तो या पठारावर आला. निघताना त्याच्या आईने घरच्या झाडाची तीन रोपं दिली होती, मुळं ओल्या शेवाळात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात. दोन बोटीवरच मेली. तिसरं इथे लागलं. 'याचं फळ घेऊनच परत येईन,' असं तो आईला बोलून बसला होता, असे सांगतात. कॉफी चार वर्षांत रोगाने गेली. बाकीचे गोरे निघून गेले, हा झाडापाशी थांबला.

झाड वाढलं, पण फुलेना. बारा महिने हिरवंगार. साहेबाने शेणखत घातलं, हाडांचा चुरा घातला, आणि पाणी वाढवत नेलं. पाणी आणायला ठकू होती. आमच्याच वाडीची, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. या पायऱ्या तेव्हा नव्हत्या, नुसती निसरडी वाट. दिवसाला वीस खेपा. पाऊस लागला की झाडाला पाणी घालायचं काम थांबायचं आणि ठकू भातलावणीच्या चिखलात उभी राहायची. अशी अकरा वर्षं गेली.

तिने रजा मागितली नाही असं नाही. अंगात ताप होता तेव्हा मागितली, माहेरी आईने अंथरूण धरलं तेव्हा मागितली. साहेब माणूस वाईट नव्हता. मारायचा नाही, ओरडायचा नाही, पण उत्तर एकच: 'झाडाला फूल येऊ दे, मग जा.' तो स्वतःही कंटाळला होता, घरी जायला आसुसला होता. स्वतः दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं दमणं कळतं असं तुम्ही म्हणाल. मला तरी तसं फारसं दिसलेलं नाही.

मग एका कार्तिकात ठकूची आई गेल्याचा निरोप आला. माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. माती तर केव्हाच होऊन गेली होती. साहेब त्याच आठवड्यात हिवतापाने पडलेला. ठकू भरला हंडा घेऊन वर आली, तो खाली ठेवला आणि झाडाकडे बघत राहिली. म्हणाली म्हणे, "तुला फूल येत न्हाई आन् मला मरान येत न्हाई. आता दोघांतलं एक कायतरी हुंद्या." आणि तिने पानं ओरबाडायला घेतली. झाड मारायचंच होतं तिला, त्यात लपवण्यासारखं काही नाही. झाड मेलं की साहेब जाईल, साहेब गेला की पाण्याच्या खेपा सुटतील, एवढाच तिचा हिशोब. शेंड्यापर्यंत चढून तिने पान न् पान काढलं. दोन दिवस लागले. मग हंडा तिथेच टाकून ती घरी जाऊन निजली. कुणी सांगतं तीन दिवस निजली, कुणी सांगतं सात.

एकविसाव्या दिवशी साहेब काठी टेकत बंगल्याबाहेर आला. उघड्या फांद्या फुलांनी भरून गेल्या होत्या, गुलाबी आणि पांढऱ्या. वाडी गोळा झाली. हे कुणी केलं, असं साहेबाने विचारलं तेव्हा सगळे खाली बघायला लागले. ठकू पुढे झाली.

"म्या," ती म्हणाली. "माराया गेलते."

साहेबाने एक फांदी खाली ओढून जवळून पाहिली. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "माझ्या देशात थंडी याची पानं पाडते. मग ते झोपतं. इथे त्याला कोणी झोपू दिलं नाही. ते दमलं होतं."

"आन् मी?" ठकूने विचारलं.

असे सांगतात की साहेबाने तिचा हंडा उचलला आणि तसाच तापातल्या अंगाने झऱ्याकडे निघाला. पहिली खेप कशीबशी वर आणली. दुसऱ्या खेपेला अर्ध्या वाटेत हंडा मांडीवर घेऊन बसला आणि रडला. कुणी हसलं नाही म्हणे.

ज्येष्ठात फळं उतरली आणि साहेब ती घेऊन बोटीवर चढला. तोवर त्याची आई होती की नव्हती, ते कुणाला ठाऊक नाही. जाताना त्याने झऱ्यालगतचं भाताचं खाचर वाडीला दिलं, झाड जगवायच्या अटीवर. ठकूने पुरुषांना आपली अट सांगितली. पानं मी काढीन, पण पान पडल्यापासून फूल येईस्तोवर वाडीतली एकही बाई हंडा उचलणार नाही. पुरुष कुरकुरले, पण खाचर चांगलं होतं.

ते खाचर माझ्या लहानपणी दरडीखाली गेलं. तेव्हा पुरुषांना वाटलं, सुटलो. झाडाकडे बघायचं कारणच उरलं नव्हतं. पण बायकांनी झाड सोडलं नाही, आणि ते काही फळाच्या गोडीने नव्हे.

पाच वर्षांमागे शेतीतला एक शिकलेला माणूस नव्या जातीची रोपं घेऊन आला. फळ गोड, आपल्या हवेत आपोआप धरतं, पानं काढायची कटकट नाही. आम्ही पुरुष लगेच खड्डे खणायला तयार. आमची कारभारीण तेव्हा होती. तिने रोप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि त्याला विचारलं, "भाऊ, पानं न काढताच ह्ये फळलं, मंग आमी निजायचं कवा?"

त्याने रोपं परत गाडीत ठेवली.

आजही कार्तिकात पानं उतरली की एकवीस दिवस आमच्या वाडीत भर दुपारी ओसरीवर बायका निजलेल्या दिसतात, पदर तोंडावर घेऊन, आणि त्यांना कुणी उठवत नाही. तुमची वाट तिथूनच जाते. जरा हळू बोला.