एका गावात एक बाई होती

"मग ते टिपण कुठल्या फोल्डरात ठेवायला हवं होतं, तेवढं सांगा बाबा. बाकी मला कळतं."

असं तोंड वर करून विचारलं तोरणे पाळकांनी. माझ्या देखत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी चांदगव्हाणच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. सोमवारी सकाळीच पाळकांना मोटारसायकलवर बसवून उजगरे बाबांकडे घेऊन आलो होतो. बाबा आमचे जुने पाळक, आता निवृत्त. तोरण्यांना उपदेश करायला त्यांनीच शिकवलं. बाबा ओट्यावर बसून लाल मिरच्यांची देठं खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी काय झालं ते सांग."

पाळकांनी लॅपटॉप उघडला. सांगायचं सोडून दाखवायलाच लागले. पवित्र शास्त्राच्या अभ्यासाचं सॉफ्टवेअर आहे त्यांच्याकडं. त्यात स्वतःची दोन हजार तीनशे टिपणं भरलीत. उपदेश, घरभेटी, लोकांनी मन मोकळं करून सांगितलेलं, सगळं. प्रत्येक टिपण कुठल्या ना कुठल्या वचनाला जोडलेलं. अध्याय उघडला की त्याची टिपणं आपोआप शेजारी येऊन उभी राहतात.

"तीन वर्षं खपलोय, बाबा. एक कागद इकडचा तिकडं नाही."

"रविवारचं सांग."

"रविवारी... लेकरू गेलेल्या बापाचा अध्याय होता. तो उघडला तर शेजारी एक टिपण आलं. 'दाखले' फोल्डरातलं. चांगलं वाटलं, म्हणून उपदेशात घेतलं."

"वाच."

पाळकांनी घसा साफ केला.

"एका गावात एक बाई होती. तिचा नऊ वर्षांचा मुलगा शेततळ्यात बुडाला. त्या दुपारी तो हट्ट करत होता, म्हणून ती त्याला म्हणाली होती, जा, मर तिकडं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही..."

पुढं त्यांना वाचवेना.

आमच्या मंडळीत घरं त्रेचाळीस. शेततळ्यात बुडालेलं पोर एकच, रिबकाबाईचं. रविवारी ती बायकांच्या तिसऱ्या बाकावर बसली होती आणि तिचा नवरा थोमा इकडं माझ्या शेजारी. पोर गेलं हे सगळ्या गावाला ठाऊक. आई काय बोलली हे फक्त पाळकांना ठाऊक होतं. तिनं विश्वासानं सांगितलं होतं, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून. थोमा उपासना अर्धी टाकून उठला तो मळ्यातल्या खोपीवर जाऊन बसलाय. बायकोशी शब्द नाही. तिनं घराला आतून कडी घातलीय. माझी बायको दोनदा दार वाजवून परत आली.

"मी नाव घेतलं नव्हतं!" पाळक म्हणाले. "टिपण करतानाच मी नावं काढून टाकतो. सगळ्यांचीच. कुणाचं उघडं पडू नये म्हणून."

"लई उपकार झाले!" माझ्या तोंडून गेलंच.

"पंच." बाबा एवढंच बोलले.

"ते 'घरभेटी'त हवं होतं, 'दाखल्यां'त गेलं," पाळकांचं चालूच. "एका फोल्डरची चूक आहे, बाबा. आणि तुम्हीच शिकवलंत ना, ऐकलेलं वाया घालवू नको, लिहून ठेव?"

बाबांची बोटं थांबली.

"शिकवलं... मीच शिकवलं."

पुढच्या मिरचीचं देठ त्यांनी असं ओढलं की मिरचीच फाटली. बिया ओट्यावर सांडल्या.

पाळक घाबरले. "पुसूनच टाकतो ना मी ते." त्यांनी बटण दाबलं. "गेलं. बघा, आता नाही."

"थोमाच्या कानातून गेलं?"

पाळकांनी बटणावरचं बोट काढून घेतलं.

"पोराचं नाव काय होतं?" बाबांनी विचारलं.

पाळकांनी मान लॅपटॉपात घातली. रिबका टाकलं, काही आलं नाही. थोमा टाकलं, नाही. शेततळं टाकलं. जे होतं ते आत्ताच स्वतःच्या हातानं पुसलेलं, येणार कुठून?

"नावं... काढली होती मी."

"माती कुणी दिली त्याला?"

"मीच. दोन वर्षं झाली..."

"खड्ड्याशी उभं राहून त्याचं नाव कुणी घेतलं?"

"...मी."

माझ्या अंगाखांद्यावर खेळलेलं पोर ते. त्याचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. बाबांनी मिरचीनं लाल झालेला हात वर केला.

"सांगू नका, पंच. एक अक्षर नाही!"

केवढ्यानं ओरडले! चाळीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. गोठ्यातली शेळीसुद्धा उठून उभी राहिली.

"ज्या पोराला मातीत ठेवलंस त्याचं नाव तुला ठाऊक नाही. आणि आईच्या तोंडून रागाच्या भरात गेलेला शब्द तेवढा जपून ठेवलास! वचनाला बांधून! ऊठ. जा तिच्या घरी."

पाळकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खरं सांगतो, मला त्यांची कीव आली नाही. खोपीवर बसलेला थोमा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"तिला सांगू काय, बाबा?"

"सांगू नकोस. नाव विचार."

"आणि तिनं दारच उघडलं नाही तर?"

"उभा राहा."

"किती वेळ?"

बाबा पुन्हा देठं खुडायला लागले होते.

पाळक उठले. डोळे पुसले. मी मोटारसायकलची किल्ली काढली. पाळकांनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, पिशवी खांद्याला अडकवली.

"हे कशाला घेतोस?" बाबांनी विचारलं.

"असू दे बरोबर... एखादं सांत्वनाचं वचन लागलं तर तिथं पटकन शोधता येईल."

बाबांनी मिरच्यांची टोपली बाजूला सारली. आज पहिल्यांदाच त्यांनी पाळकांच्या तोंडाकडं बघितलं.

"तिच्या घरात जाताना चपला काढशील ना?"

"काढीन की, बाबा."

"मग तेही त्या चपलांपाशीच ठेव."