ज्ञानोबानं अनोळखी ओळखलं

बोरवंडीत एक भोळा गडी होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव त्याला ठोंब्याच म्हणायचं, आणि गावाचं काही चुकत नव्हतं. नाव मात्र ज्ञानोबा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! तिशी उलटली तरी त्याला कोणी मुलगी देईना. आई यमुनाबाई रडकुंडीला आली. शेवटी तिचा भाऊ बाजीराव, गावच्या दूध डेअरीचा चेअरमन, त्यानं भाच्याला डेअरीतल्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर बसवलं.

"नुसतं बसायचं," मामा म्हणाला. "मुलगा कॉम्प्युटरवर असतो म्हटलं की सोयरीक जमते. ही संधी घालवलीस तर जन्मभर आईच्या हातच्या भाकरी खात बसशील."

शहाणाच म्हणायचा मामा! पण निमगावच्या गुलाबरावांचा निरोप आला खरा. याच आठवड्यात मुलगा बघायला येतो. ज्ञानोबा खुर्चीला चिकटला.

नेमका कॉम्प्युटर रखडायला लागला. एकेका मापाची नोंद व्हायची तर रांगेतल्या बायांच्या दुधावर साय धरायची. तालुक्याहून दुरुस्तीवाला आला. त्यानं पडद्यावर एक यादी उघडून दाखवली.

"मागच्या मागे हे एवढं सगळं चालू असतं बघा. यातलं काही अनोळखी दिसलं की बंद करायचं."

तो फटफटीवर बसून गेला. ज्ञानोबानं यादी वाचली. एकही नाव गावातलं नव्हतं. ना पाटील, ना जाधव. त्यानं सगळंच्या सगळं बंद केलं. पडदा काळा झाला, वजनकाटा मुका झाला आणि बाया शिव्या द्यायला लागल्या.

मामा धावत आला. "अरे गाढवा, बंद करायच्या आधी विचारावं तरी, हे काय काम करतं म्हणून!"

"बरं मामा. आता विचारीन."

मागच्या खोलीत दूध थंड ठेवायची मोठी टाकी घरघरत होती. ज्ञानोबानं ती आजच पाहिली. समोर उभा राहून त्यानं अदबीनं विचारलं, "काय काम करता?" टाकी घरघरली. "नीट सांगा, काय काम करता?" पुन्हा घरघर. धड उत्तर नाही म्हणजे काम नाही. त्यानं बटण बंद केलं. सकाळी टाकीतलं दूध कुत्र्यानंसुद्धा हुंगलं नाही.

मामानं कपाळ बडवून घेतलं. "अरे ठोंब्या, जे गुपचूप आपलं काम करतंय, त्याच्या वाटेला जायचं नाही! शिरलं का डोक्यात?"

"शिरलं मामा."

शिरलं असतं तर काय हवं होतं! त्याच दुपारी एक इसम मागच्या दारानं आत आला आणि डेअरीचे कॅन गुपचूप टेम्पोत चढवायला लागला. ज्ञानोबा कौतुकानं बघत राहिला. किती मुकाट्यानं राबतोय बिचारा! त्याला अडचण नको म्हणून यानं आपली खुर्ची सरकवून घेतली. टेम्पो गेल्यावर दारही लावलं.

मामाच्या तोंडून जे शब्द फुटले, ते पोराबाळांत सांगण्यासारखे नाहीत. शेवटी म्हणाला, "ऐक मेल्या. अनोळखी माणूस दिसला की विचारायचं, कुठनं आलास, कशाला आलास. थाप वाटली की पेंडीच्या खोलीत कोंडायचा आणि मला सांगायचं. आता उद्या गुलाबराव येतील, तेवढं तरी नीट पार पडू दे रे देवा!"

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईनं पोराच्या शर्टाला इस्त्री केली, खंडोबाला नारळ बोलली आणि पोहे भिजवले. मामा हार घेऊन एस.टी.च्या थांब्यावर उभा राहिला. गाडी आली, पाहुणे काही उतरले नाहीत. हार सुकला तसा मामा डेअरीत आला. ज्ञानोबा छाती फुगवून खुर्चीवर बसला होता. आतून कोणीतरी दार बडवत होतं.

"मामा, एक धरला!"

"कोण रे?"

"अनोळखी. फटफटीवर आला, फेटा बिटा बांधून. पण थाप किती मारावी माणसानं! कुठनं आलास? म्हणे निमगावहून. कशाला? म्हणे जावई बघायला. मामा, डेअरीत जावई कुठला? मी टाकीच्या मागंसुद्धा पाहिलं. इथं मी सोडून कोणीच नव्हतं! मग म्हटलं, चला, आतल्या खोलीत असेल. गेला की आत. घातली कडी."

मामाच्या हातातला हार गळाला. त्यानं कडी काढली. गुलाबराव बाहेर आले. फेट्यावर पेंड, मिशांत भुसा. त्यांनी फटफटीला किक मारली आणि आल्या वाटेनं निघून गेले. पोह्यांची ताटली घेऊन दारात आलेली यमुनाबाई तिथंच मटकन खाली बसली.

ज्ञानोबानं रस्त्यावरचा धुरळा खाली बसेपर्यंत पाहिलं. मग समाधानानं मान हलवली.

"बघितलंत ना मामा? खरंच जावई बघायला आला असता, तर बघितल्याशिवाय गेला असता का?"