दोन गुणांसाठी दुसऱ्यांदा

परीक्षा पुन्हा द्यायची म्हणून सगुणा कासारीण दरबारात येऊन उभी राहिली, आणि अख्खा दरबार तिच्याकडे शिळ्या भाकरीकडे बघावं तसा बघायला लागला.

हेमगडच्या व्यापारशाळेत शिरायला साठ गुण लागत. सगुणाला मागच्या साली अठ्ठावन्न पडले. शाळा पुरी करणाऱ्याला राजाचा पितळी बिल्ला मिळे, आणि बिल्ल्याशिवाय बंदरावर गलबतातून थेट माल घेता येत नसे. सगुणाची आई जन्मभर दलालाकडून बांगड्या घेत आली. निम्म्या तडकलेल्या निघाल्या तरी गप्प बसली. सगुणाला गप्प बसायचं नव्हतं.

परीक्षक होते धुंडिराजशास्त्री. पोट मोठं, पगडी त्याहून मोठी.

"महाराज, परीक्षा एकदाच," शास्त्री म्हणाले. "हा वीस वर्षांचा दंडक आहे. उष्ट्या पानावर पुन्हा पंगत बसवतात का कुणी?"

"पान तुमचं आहे, शास्त्रीबोवा," सगुणा म्हणाली. "मी उपाशीच उठले."

दरबारी हसले. रणधीरराजे हसले नाहीत. हट्टी माणूस. एकदा नाही म्हटलं की देव खाली आला तरी नाहीच.

"पोरी, वर्षभरात तुला काय शिंगं फुटली?" राजे म्हणाले. "डोकं तेच, तू तीच. यंदा जास्त पडतील हे कशावरून?"

"पडतील, महाराज. नक्की."

"नक्की? प्रश्न न बघताच?" राजांनी मांडीवर थाप मारली. "ती थैली आणा रे."

थैली आली. यंदाचे प्रश्न तिच्यात होते, तोंडावर लाखेची मोहर. थैली राहायची खजिन्यात आणि खजिन्याची किल्ली राजांच्या गळ्यात.

"इतकी खात्री आहे ना, मग थैलीत काय आहे ते इथंच सांग. सांगितलंस तर खुशाल परीक्षेला बस. नाही सांगितलंस तर तुझा बांगड्यांचा पेटारा सरकारजमा, आणि हेमगडात मायलेकींनी पाऊल टाकायचं नाही."

दरबारात खुसखुस सुरू झाली. न उघडलेल्या थैलीतलं कोण सांगणार? मागं कोपऱ्यात उभ्या सगुणाच्या आईनं बांगड्यांचा पेटारा पोटाशी ओढला.

सगुणा थैलीकडे बघतच नव्हती. ती शास्त्र्यांकडे बघत होती. महिन्यामागं ती त्यांच्या घरी बांगड्या भरायला गेली होती. हात भरून झाल्यावर शास्त्रीणबाईंनी कुंकू आणलं ते दौतीत. सगुणानं विचारलं तर म्हणाल्या, "अगं, ह्यांना कशाला लागते दौत? गुण कारकून मांडतो. लग्न झाल्यापासून ही कोरडीच पडलीय, म्हटलं कुंकवाला तरी होईल." तेव्हापासून सगुणाच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. दौत कोरडी, तर हा बाबा दरसाल नवे प्रश्न लिहितो कशानं?

"सांगते, महाराज," ती म्हणाली. "पण माझं तोंड बांधलेलं आहे. परीक्षेतलं काही बाहेर बोलणार नाही, असा आम्हा सगळ्यांना बेलभंडारा उचलायला लावतात. शपथ तुमच्या नावाची. सोडवायची तर तुम्हीच."

"सोडवली."

"महाराज, नको," शास्त्री घाईघाईनं म्हणाले. "शपथ ही पवित्र गोष्ट..."

"सोडवली म्हटलं ना. बोल, पोरी."

सगुणा घडाघडा बोलू लागली. पहिला प्रश्न गलबत कोणत्या तिथीला हाकारावं याचा. दुसरा वजनं कोणत्या दिशेला तोंड करून मांडावीत याचा. तिसरा, चौथा, पाचवा. असे नऊ झाले. शास्त्र्यांच्या कपाळावरचं गंध घामानं नाकावर उतरलं.

"आणि दहावा," सगुणा म्हणाली. "मिरीची गोणी घेऊन घाट उतरताना पाऊस आला, तर व्यापाऱ्यानं काय करावं?"

राजांनी मोहर फोडली. आतला कागद हळदीसारखा पिवळा, कोपरा झुरळांनी खाल्लेला. राजे वाचत गेले. दहाच्या दहा प्रश्न, एक काना इकडचा तिकडं नाही.

"चोरी!" शास्त्री ओरडले. "हिनं थैली फोडली."

"मोहर मी फोडली आत्ता," राजे म्हणाले. "आणि किल्ली माझ्या गळ्यात आहे. पोरी, तुला हे कुठं मिळालं?"

"शास्त्रीबोवांनीच दिलं. मागच्या साली, परीक्षेत वाचून दाखवलं तेव्हा. वीस वर्षं हाच कागद थैलीत जातो आणि हाच बाहेर येतो. दुसऱ्यांदा कुणी आलं तर ओळखेल, म्हणून तर दुसऱ्यांदा कुणी यायचं नाही."

शास्त्री जमिनीकडे बघू लागले. जमीन काही दुभंगली नाही.

राजांनी पुन्हा कागद बघितला. "हा पावसाचा प्रश्न. तू काय लिहिलं होतंस?"

"गोणी झाकावी."

"मग? गुण किती?"

"भोपळा. दहा गुणांचा प्रश्न होता."

"शास्त्रीबोवा, मग खरं उत्तर काय?"

शास्त्री पुटपुटले, "मुहूर्त पाहावा."

"भर पावसात?"

"ग्रंथात तसंच आहे, महाराज."

राजे सगुणाकडे वळले. "आणि यंदा तू काय लिहिणार होतीस?"

"मुहूर्त पाहावा."

"अगं, मिरी भिजेल की!"

"भिजू दे, महाराज. मी गुण वाढवायला आले होते. अक्कल तेवढीच आहे."

राजे असे हसले की मुकुट कानावर आला, आणि राजे हसले म्हणताना दरबारही हसला. मघाशी खुसखुसणारे सगळ्यात मोठ्यानं.

"कारकून, हिच्या अठ्ठावन्नात ते दहा मिळवा," राजे डोळे पुसत म्हणाले. "अडुसष्ट झाले. आजच शाळेत घ्या हिला. आणि हिला बिल्ला मिळेपर्यंत हिच्या आईला बंदरावर थेट माल घ्यायची मोकळीक द्या, माझ्या हुकुमानं. पुढच्या सालचे प्रश्न ही काढील. उत्तरं लिहायला पहिल्या रांगेत शास्त्रीबोवा बसतील."

शास्त्र्यांनी हात जोडले. "महाराज, आणि नापास झालो तर?"

राजांनी सगुणाकडे बघितलं.

"बसू द्या की पुन्हा," सगुणा म्हणाली. "साठ पडेपर्यंत बसू द्या. आमची काही हरकत नाही."