शेवटचं करवंद

एका राज्यात मेघमल्ल नावाचा राजा राज्य करीत होता. राज्य कसलं, निम्मा डोंगरच होता तो, आणि डोंगरभर करवंदांच्या जाळ्या. राजा मोठा चवीचा. पानात करवंदाचं लोणचं नसलं की घास त्याच्या घशाखाली उतरत नसे.

त्या राज्याची एक रीत होती. करवंदं तोडायला गेलेल्याने जाळी ओरबाडायची नाही, शेवटची मूठ पाखरांसाठी सोडायची. आणि पिकलं करवंद फोडण्याआधी सोबत्याला विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. ज्याचं चुकलं त्याने आपलं एक करवंद द्यायचं. राजाची धाकटी लेक चारुमती वैशाखभर हाच खेळ खेळे आणि बापाला हरवून खदखदून हसे.

पण एका चैत्रात राजाला हाव सुटली. कच्ची करवंदं झाडून सारी तोडून आणा, एकही मागे ठेवू नका, असा हुकूम सुटला. प्रधानाने दबकत पाखरांची आठवण करून दिली. पाखरं काय लोणचं घालतात, असं म्हणून राजाने त्याला वाटेला लावलं. डोंगर पार उघडा पडला.

त्या डोंगरावर कंटकाई नावाची जादूगारीण राहत होती. पाखरं उपाशी हिंडताना पाहून तिचं डोकं फिरलं. यातलं पहिलं करवंद जो तोंडात घालील त्याचे ओठ चिकाने मिटतील, असा शाप तिने दिला. नेम राजावर होता हो, पण पोरीला दम कुठला! टोपल्या उतरतात न उतरतात तोच चारुमतीने एक हिरवं करवंद दाताखाली फोडलं. पांढरा चीक ओठांवर आला आणि ओठ मिटले ते मिटलेच.

चीक तेलाने सुटतो हे पोरासोरांनाही ठाऊक. पण तेलाच्या घागरी सरल्या तरी हा काही सुटेना. ओठांच्या कोपऱ्यातून कमळाच्या देठाने थोडंसं दूध तेवढं पोटात जाई. पोर दिवसेंदिवस वाळत चालली. बापाकडे नुसती बघत राही. ते बघणं राजाला सोसवेना.

तो एकटाच डोंगर चढला. रिकाम्या जाळीवर एक बुलबुल बसला होता. तो मनुष्यवाणीने म्हणाला, "राजा, आमचा वाटा कुठे आहे?" राजाने मान खाली घातली. मग बुलबुलाने त्याला कंटकाईच्या गुहेपाशी नेलं. शाप लेकरावर पडला हे ऐकून कंटकाईही चपापली. पण तोंडातून गेलेला शाप तिला मागे घेता येत नव्हता. त्याला उतारा पिकल्या करवंदाचाच, पण त्यासाठी तीन कामं करावी लागतील, असं तिने सांगितलं.

पहिलं काम, तोडलेली करवंदं स्वतःच्या हातांनी जाळ्यांवर परत लावायची. राजाने टोपल्या आणि बरण्या डोंगरावर आणवल्या. काट्यांनी हात फाटले. जिथे त्याच्या रक्ताचा थेंब पडे तिथे करवंद देठाला धरे. मिठात सुरकुतलेली लोणच्याची करवंदंसुद्धा हिरवी होऊन फांदीला लागली. जी आधीच खाऊन झाली होती ती गेली ती गेलीच.

दुसरं काम, फळ पिकेपर्यंत राखणीला बसायचं, पण कोणाला हाकलायचं नाही. वैशाख तापला, करवंदं काळीभोर झाली. पाखरं आली, माकडं आली, एक अस्वलही येऊन गेलं. आपल्या पोरीचं औषध डोळ्यांदेखत संपत असताना राजा हात बांधून बसला.

मग कंटकाईने तिसरं काम सांगितलं. "राजा, आता तुझा वाटा घे आणि लेकीला चार."

राजा जाळी जाळी धुंडाळत सुटला. साऱ्या डोंगरावर एकच करवंद उरलं होतं. त्याने झडप घातली, बोटं देठाला लागली, आणि हात तिथेच थांबला. जाळीवरचं शेवटचं होतं ते.

"हे माझं नाही," राजा म्हणाला. त्याने हात मागे घेतला आणि तो मटकन खाली बसून लहान मुलासारखा रडू लागला.

बुलबुल जाळीवर उतरला. "हे आमचं," तो म्हणाला, "आणि आमचं आम्ही हवं त्याला देऊ." करवंद चोचीत धरून तो राजवाड्याकडे उडाला.

राजा काट्याकुट्यांतून धावत वाड्यात पोचला. चारुमती बिछान्यात उठून बसली होती. ओठ जांभळे झाले होते आणि मूठ घट्ट मिटलेली होती.

"बाबा, कोंबडा की कोंबडी?"

राजा म्हणाला, "कोंबडा."

तिने मूठ उघडली. अर्धं खाल्लेलं करवंद आत पांढरंशुभ्र होतं. "हरलात," ती म्हणाली आणि खदखदून हसली. राजा रडत होता आणि हसतही होता. पण हरल्याचं करवंद द्यायचं कुठून? साऱ्या राज्यात एकही उरलं नव्हतं.

ते त्याने पुढच्या वैशाखात दिलं. लेकीचं बोट धरून स्वतः डोंगर चढला, वण पडलेल्या हातांनी जाळीत शिरला, पहिलं करवंद तिच्या तळहातावर ठेवलं आणि शेवटची मूठ तशीच सोडून आला. त्यांच्या जाळ्या बहरल्या, तशा तुमच्याआमच्याही बहरोत.