ओढ्यात उतरलेली कोल्हीण

डोंगराच्या पायथ्याशी पळसाच्या रानात एक कोल्हीण, तिचा कोल्हा आणि त्यांची तीन पिल्ले राहत असत. रानाला लागून एका बाजूला उंच गवताचा माळ होता आणि दुसऱ्या बाजूला ओढा. माळावर ससे होते, तितर होते. कोल्हा एका बाजूने हाकायचा आणि कोल्हीण दुसऱ्या बाजूला दबा धरून बसायची. त्यामुळे भूक म्हणजे काय, हे पिल्लांना ठाऊकच नव्हते. पण मुलांनो, एका उन्हाळ्यात त्या माळाला वणवा लागला. आग वाऱ्याबरोबर रानाकडे धावत आली. कोल्हा आणि कोल्हीण एकेक पिल्लू तोंडात धरून ओढ्यापलीकडे नेऊ लागले. शेवटच्या, सर्वांत धाकट्या पिल्लासाठी कोल्हा परत गेला. त्याने ते काठापर्यंत आणले आणि तिथेच तो कोसळला. धुराने त्याची छाती भरली होती. तो पुन्हा उठला नाही.

सकाळी पाहावे तर माळ काळाठिक्कर पडला होता. हरणे घाट ओलांडून निघून गेली, ससे कुठे पांगले ते कुणालाच कळले नाही. त्या माळावर शिकार करणारा एक लांडगा कोल्हिणीजवळ आला. आपण इथेच थांबणार, कारण ससे चार दिवसांत परत येतील, असे त्याने सांगितले. पण पिल्लांची आई तेवढी वाट पाहू शकणार नाही, हेही त्याला दिसत होते. "कोल्हीणबाई, पिल्लं सोड आणि घाट ओलांड," तो म्हणाला. "एकटी गेलीस तर वाचशील."

"लांडगेदादा, मी पिल्लं सोडणार नाही," कोल्हीण म्हणाली. "इथंच काहीतरी शोधीन."

तिने पिल्लांना ओढ्याकाठच्या खडकांच्या कपारीत लपवले. रोज संध्याकाळी कोल्हेकुई करायची तिची सवय होती. तीही तिने बंद केली, कारण आता लपायला गवत नव्हते आणि आवाजाच्या मागावर कोणीही कपारीपर्यंत पोहोचले असते. मग ती शिकारीला निघाली. सवयीने ती माळावरच गेली, राखेत दिवसभर हिंडली आणि रिकाम्या तोंडाने परतली. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. पिल्लांचे रडणे ऐकवेना, म्हणून ती पाण्यापाशी येऊन बसली. समोर एक बगळा दगडांच्या फटींतून खेकडे ओढून खात होता. कोल्हिणीने आयुष्यात खेकडा खाल्ला नव्हता. तरी ती पाण्यात उतरली आणि एका दगडाखाली तिने तोंड घातले. खेकड्याने तिचे नाक असे धरले की तिच्या डोळ्यांत पाणी आले. बगळ्याला तिची दया आली. "तोंड नंतर घाल," तो म्हणाला. "आधी पंजा, आणि तोही मागून."

ती पुन्हा उतरली. पुन्हा नांगी बसली, पण कोल्हीण बाहेर आली नाही. ऊन कलेपर्यंत तिला दगड उलटायचा कसा आणि खेकडा पंजाखाली दाबायचा कसा, हे जमले. येताना तिने उंबराखाली पडलेली फळेही उचलली. थोरल्या दोन पिल्लांनी ते सारे मटकावले. धाकट्याने मात्र खेकडा तोंडातून टाकून दिला आणि आपल्याला ससाच हवा म्हणून हट्ट धरला.

"ससा नाही," कोल्हीण शांतपणे म्हणाली. "आज हेच आहे." तिने त्याची समजूत काढली नाही. ती त्याच्यासमोर बसून स्वतः कडाकड खेकडा चावू लागली. बराच वेळ पिल्लू तोंड फिरवून बसले. मग हळूहळू सरकत आले आणि आईच्या पंजातला एक तुकडा त्याने उचलला.

बरेच दिवस गेले, पण ससे काही आले नाहीत. एका सकाळी लांडगा कपारीसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. तो आत पाहत होता. भुकेला लांडगा पिल्लांकडे असा का पाहतो, हे कोल्हिणीला सांगायला नको होते. ती त्याच्या निम्म्यानेही नव्हती. तरी पिल्लांना मागे ढकलून ती कपारीच्या तोंडाशी उभी राहिली.

"आत यायचं तर आधी माझ्याशी गाठ आहे," ती म्हणाली. "आणि भूकच भागवायची असेल, तर माझ्याबरोबर पाण्यात चला."

"लांडग्यानं खेकडे खायचे?" त्याने विचारले.

"मीही आधी खात नव्हते," ती म्हणाली.

लांडग्याने मान खाली घातली आणि तो ओढ्याकडे वळला. पहिल्याच खेकड्याने त्याचा ओठ धरला. पण तो पाण्यातून बाहेर आला नाही. पुन्हा कधी तो कपारीपाशी फिरकला नाही.

पावसाळ्यानंतर माळ हिरवा झाला. पिल्ले आता उंच, काटक झाली होती. एके दिवशी धाकटा घाटाच्या वाटेला लागला. पलीकडचा मुलूख कोल्हिणीने कधी पाहिलेला नव्हता. तो वळणावर थांबला आणि त्याने मागे वळून पाहिले. तिकडे तो काय खाईल, कुठे राहील, हे तिने विचारले नाही. तो दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग आपल्या कामाला लागली.

तात्पर्य : दिवस पालटले की आपला घास, आपले घर आणि आपल्या सवयी बदलाव्यात, त्यात कमीपणा नाही, बदलू नये तो फक्त आपला निर्धार.