कोमट माती

जनावरंही शेकोटी करत, त्या काळची ही गोष्ट. एका डोंगरावर थंडीने कहर केला आणि जळणाला एकच झाड उरलं. खवले मांजर मात्र महिनाभर एकटंच खड्डा खणत होतं. डोंगराच्या पोटात ऊब आहे, असं त्याचं म्हणणं. त्या दुपारी त्याची नखं रक्ताळली आणि पहिल्यांदाच पोटाखालची माती कोमट लागली. ते धडपडत वर आलं, तर बाकीची जनावरं झाड पाडायला जमली होती.

"झाड पाडू नका. खाली ऊब आहे. सगळे मिळून खणू."

"अजून किती खोल?" सशिणीने विचारलं. तिची पिल्लं काकडत होती.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलणं सोपं होतं.

"ठाऊक नाही," ते म्हणालं. "मध्ये कातळही लागेल."

"झाडाचं मला ठाऊक आहे," सशीण म्हणाली. "ते आत्ता पेटेल."

झाड पाडलं. पिल्लांची थरथर थांबली. खवले मांजरानेही आपली नखं त्याच शेकोटीवर शेकली.

सकाळी उघड्याबोडक्या डोंगरावर पुन्हा वारा सुटला. राख पिल्लांच्या डोळ्यांत जायला लागली, तशी सशिणीने ती सगळी खड्ड्यात लोटली.

"चला," ती म्हणाली, "तुझा खड्डा कामी आला."