झिलू तांडेल आणि रवळूची तीन शून्यं

खाडीवर पूल नव्हता आणि वेळ भरती-ओहोटीवरून कळायची, त्या काळातली ही हकिकत. वेळसर गावात झिलू तांडेल नावाचा होडीवाला होता. ओहोटी लागली की खाडीच्या मधोमध वाळूचा लांब दांडा उघडा पडायचा. दर वर्षी त्या दांड्यावर वेळसर आणि पलीकडचं काजरोळ यांचा क्रिकेटचा मोठा सामना व्हायचा. भरतीचं पाणी यष्टीला लागलं की खेळ संपला. जिंकेल त्या गावाने नारळी पौर्णिमेला समुद्राला पहिला नारळ द्यायचा. वेळसरला अकरा वर्षांत तो मान मिळाला नव्हता.

एरवीच्या सामन्यांनाही खेळाडूंची ने-आण झिलूच करी. त्याने जन्मात बॅट धरली नव्हती. पण परतीच्या फेरीत होडी कशी चालते, त्यावरून तो फलंदाज ओळखायचा, असं म्हणतात. पन्नास करून आलेला हातवारे करतो, होडी एका अंगाला कलते. शून्यावर आलेला काठाला पाठ फिरवून बसतो, तेव्हाही होडी कलतेच.

वेळसरचा तरुण फलंदाज रवळू मात्र एकदा त्र्याऐंशी धावा करून आला, मधल्या फळीवर बसला आणि म्हणाला, "आबा, दमलात. एक वल्हं द्या माझ्याकडे." पुढच्या सामन्यात शून्यावर बाद झाला, तरी तिथेच बसला, तेच म्हणाला. होडी केसभर हलली नाही.

मग आणखी दोन शून्यं आली आणि गाव खवळलं. कालपर्यंत ज्याला खांद्यावर घेतलं, त्याला आज घरी बसवायला निघालं. संघ निवडणारे तात्या गावकर पारावर म्हणाले, "हात चांगला आहे रे, पण सातत्य नाही. काढा त्याला."

झिलू उसळला. "तात्या, शून्यं मोजलीत, बाद कसा झाला ते बघितलंत? एकदा चेंडू कुर्लीच्या बिळात पडून सरपटला. एकदा तुमच्या भाच्याने, या दिगूने, धावेला बोलावून अर्ध्या वाटेवरून परत धाडला. तिसऱ्यांदा झेल काजरोळकराने कमरेभर पाण्यात बुडी मारून घेतला. यात रवळूचं काय चुकलं?"

"आबा, तुम्ही होडी बघा," दिगू हसला. "वल्ह्याने कधी षटकार मारलाय?"

"तुझं बूड फळीला टेकलं की मला कळतं, तू किती चेंडू टिकशील ते! रवळू खेळेल. त्याने धीर सोडला, तर मी वल्हं सोडेन."

तात्यांनी रवळूचं नाव संघात राहू दिलं. वल्हं सोडलं, तर झिलूपाशी उरणार काय?

सामन्याच्या दिवशी दिगूचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. त्याने रागाने भिरकावलेली बॅट वाहत थेट समुद्राला लागली. गडी पडत गेले. शेवटची जोडी उरली, नऊ धावा हव्या होत्या आणि भरती लागली होती.

"मार रे रवळू, मार! पाणी आलं!" काठ ओरडत होता. रवळू मारेना. चांगला चेंडू अडवी, बाहेरचा सोडून देई. होडीत उभ्या झिलूच्याही ओठांवर 'मार' आलं होतं. त्याने ते गिळलं आणि रवळूच्या पायांकडे पाहिलं. पाय होडीतल्यासारखेच निवांत होते.

पाणी यष्टीपासून वीतभर अंतरावर आलं आणि थबकलं. समुद्रालाही पुढे काय होतं ते बघायचं होतं, असं म्हणतात. पण खेळपट्टीच्या मध्यावर पाणी पसरलं होतं. चेंडू टप्पा घेईना, म्हणून गोलंदाजाला तो उंचावरून थेट बॅटवर टाकावा लागला. रवळू त्याचीच वाट बघत होता! पहिल्या चेंडूला चार. दुसरा झिलूच्या डोक्यावरून उडाला आणि काजरोळच्या काठावर सुकत घातलेल्या बांगडा-मासळीत जाऊन पडला. झिलू होडीत असा नाचला, की त्या दिवशी होडी पहिल्यांदा त्याच्यामुळे कलली.

काठावर येताच त्याने दोन शहाळी फोडली. एक रवळूला दिलं, दुसरं मान खाली घालून बसलेल्या दिगूला.

"त्याला कशाला?" तात्या म्हणाले. "शून्य काढलंय त्याने."

"आधी पिऊ दे. मग मोजा."

आता खाडीवर पूल आहे आणि सामने शाळेमागच्या मैदानात होतात. पण वेळसरमध्ये बाद होऊन आलेल्या प्रत्येकाला 'झिलूचं शहाळं' मिळतं. शंभर असोत वा शून्य, ते पिऊन होईपर्यंत धावा विचारायच्या नाहीत. ज्याला तेवढा दम निघत नाही, तो निवड समितीचा अध्यक्ष का असेना, पुढचं शहाळं त्याने स्वतः माडावर चढून काढायचं.